टोकियोतल्या जुन्या नाबे आणि सोबा दुकानांत जेवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेल्या किंवा तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या खाण्याच्या शंका बहुतेक वेळा सुशी आणि रामेनवरच थांबतात. टेबलावर शेगडी ठेवून चौघांनी एकाच भांड्यातून जेवायची दुकानं आणि शंभर-दीडशे वर्षं फक्त सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, वळणारी दुकानं मात्र राहून जातात. तिथला मेनू वाचता येत नाही, आत काय चालतं ते बाहेरून दिसत नाही, आणि शाकाहारी माणूस तर दारातूनच परत फिरतो. हे पान त्यांच्यासाठी आहे.

खाली बरीच उत्तरं आहेत, पण त्या सगळ्यांचा धागा एकच आहे. अशा दुकानात तुम्ही काहीही मागवलंत, तरी खरं जेवण असतं रश्श्याचं. जपानी लोक त्याला दाशी म्हणतात. दाशी कशाची आहे हे विचारायची सवय लावून घेतलीत, की निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

नाबे म्हणजे नक्की काय? आणि सोबाचं दुकान वेगळं असतं का?

नाबे म्हणजे भांडं, आणि त्या भांड्यात शिजवलेलं जेवणही. मातीचं जाड भांडं असेल तर दोनाबे. सुकियाकीसाठी, म्हणजे गोडसर रश्श्यात शिजवलेल्या मांसाच्या नाबेसाठी, मात्र बिडाचं उथळ भांडं लागतं. टेबलावर गॅसची किंवा कोळशाची शेगडी येते, कच्च्या भाज्या, तोफू आणि मासळी किंवा मांस ताटात मांडून येतं, आणि शिजेल तसं खायचं.

सोबाची दुकानं वेगळी असतात. तिथे नूडल्स स्वयंपाकघरातच उकडून येतात आणि जेवण पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. दोन्ही एकत्र हवं असेल तर ओसाकाकडची उदोन-सुकी खावी. पारदर्शक दाशीत उदोन म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स, कोंबडी, कोळंबी, भाज्या असं सगळं एकाच भांड्यात शिजतं. ओसाकाच्या मिमिउ या जुन्या दुकानाने ती नावारूपाला आणली.

दाशी कशाची असते?

बहुतेक ठिकाणी दोन गोष्टींची : कोंबू आणि कात्सुओबुशी. कोंबू म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची वाळवलेली जाड पानं, यातली बहुतेक होक्काइदोची. कात्सुओबुशी म्हणजे आपल्याकडच्या कुप्याच्या जातकुळीतला कात्सुओ मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवायचा आणि रंध्यासारख्या पात्यावर किसायचा. कोंबू पाण्यात भिजवून हळूहळू तापवतात आणि उकळी फुटायच्या आत काढून घेतात. मग कीस घालून थोड्या वेळात गाळून घेतात. तासन्‌तास उकळायचं काम नाही.

या चवीचं कारण शास्त्राने शोधलंय. टोकियोच्या विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढते. वाळवलेल्या शीताके मशरूममधलं ग्वानिलेटही ग्लुटामेटसोबत हेच काम करतं. ही गोष्ट शाकाहाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. कोंबू आणि शीताके यांची दाशी ही तडजोड नाही, मठांतून शतकानुशतकं चालत आलेली ती रीत आहे.

प्रदेशानुसार रश्श्याचा रंग बदलतो. टोकियोकडे गडद शोयू, म्हणजे सोया सॉस, वापरतात, त्यामुळे उदोनचा रस्सा काळपट दिसतो. ओसाका-क्योटोकडे फिकट रंगाचा शोयू आणि कोंबूवर भर, म्हणून तळ दिसेल इतका स्वच्छ रस्सा. फिका शोयू मिठाला जास्त असतो, तेव्हा रंगावरून खारटपणा ठरवू नका. हा फरक इतका मुरलेला आहे, की निस्सिन कंपनीचे दोनबेइ हे झटपट उदोनसुद्धा पूर्व आणि पश्चिम जपानसाठी वेगवेगळ्या चवीचे विकले जातात.

मी शाकाहारी आहे. मला काही खाता येईल का?

येईल, पण विचारून आणि आधी ठरवून. बहुतेक फसगत ताटात दिसणाऱ्या गोष्टींमुळे होत नाही, रश्श्यामुळे होते. भाज्यांचा तेंपुरा (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या), वर पातीचा कांदा घातलेला उदोन, थंड झारू सोबा हे सगळं बघताना शाकाहारी वाटतं, आणि प्रत्येकासोबतच्या रश्श्यात किंवा बुडवायच्या त्सुयु नावाच्या खारट सॉसमध्ये मासा असतो. वेटरला ‘यात मांस आहे का’ असं विचारलंत तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण रश्श्यातला कीस त्याच्या लेखी मांस नाही. म्हणून प्रश्न दाशीबद्दलच विचारा : ‘कात्सुओ दाशी हाइत्ते इमासु का?’ म्हणजे यात कात्सुओची दाशी आहे का. आणि आपलं सांगायचं तर : ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देसु.’ मांस-मासे खात नाही, माशाची दाशीही चालत नाही. हे जपानी लिपीत फोनमध्ये साठवून दाखवणं सगळ्यात उत्तम.

आता खरोखर चालणाऱ्या वाटा.

पहिली शाबुशाबुची, म्हणजे उकळत्या रश्श्यात पातळ काप क्षणभर हलवून खायच्या नाबेची. तिचा पारंपरिक रस्सा म्हणजे पाणी आणि कोंबूचा तुकडा, बास. आता अनेक दुकानांत प्रत्येकाला स्वतंत्र छोटं भांडं मिळतं. कोंबूचा रस्सा, भाज्यांचं ताट, तोफू आणि मशरूम मागवा. सोबतचे पोंझू (आंबट शोयू) आणि तिळाची चटणी तपासून घ्या, त्यांत बऱ्याचदा मासळीची दाशी असते. शंका असेल तर नुसता शोयू, किसलेला मुळा आणि लिंबू घ्या. माझ्या मते कोंबूत उकळलेल्या ताज्या भाज्यांना ते पुरतं, आणि भाज्यांची चवही जास्त कळते.

दुसरी वाट युदोफू, म्हणजे कोंबूच्या पाण्यात तापवलेला तोफू. क्योटोला नान्झेन्‌जी मंदिराच्या आसपास हे खास देणारी दुकानं आहेत. इथेही बुडवायच्या शोयूत दाशी आहे का ते विचारायचंच.

तिसरी वाट शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठांचं जेवण. मासा नाही, मांस नाही, आणि पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही नाही. त्यासाठी टोकियोबाहेर जायला हरकत नसेल तर वाकायामा प्रांतातल्या कोयासानला जा. मराठी माणसाला तिथे जायला आणखीही एक कारण आहे. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. डोंगरावरच्या मंदिरांत मुक्काम करता येतो, आणि संध्याकाळी खोलीत जे ताट येतं त्यात तिळाचा तोफू आणि या डोंगराचंच नाव लागलेला, गोठवून वाळवलेला कोयादोफू असतो. पुष्कळदा माणशी एक छोटंसं नाबेही असतं. जपानमध्ये एकही प्रश्न न विचारता निर्धास्त जेवता येईल अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. तरी खोली राखतानाच शाकाहारी असल्याचं कळवा.

सोबाच्या दुकानात गेलातच तर नुसता सोबा मीठ किंवा शोयू आणि वासाबी या झणझणीत हिरव्या चटणीसोबत मागून बघा. मिठासोबत सोबा खाणारे जपानी लोकही आहेत, त्यामुळे चांगल्या दुकानात ही मागणी कुणाला विचित्र वाटत नाही. भाज्यांच्या तेंपुऱ्यासोबतही मीठ मागता येतं. पण तेलात कोळंबी तळलेली असते आणि पिठात अंडं असू शकतं. ते चालणार नसेल तर तेंपुरा सोडा.

जैन पद्धतीने जेवणाऱ्यांना इथलं नाबे जमणं अवघड आहे. पातीचा कांदा, मुळा, गाजर सगळीकडे असतात. कोयासानसारख्या ठिकाणी आधी लिहून कळवणं हाच बरा मार्ग.

आमच्यात काही जण खातात, काही नाही. एका भांड्यात जमेल का?

नाही. रस्सा सामाईक असतो आणि त्यात पडलेल्या प्रत्येक गोष्टीची चव त्यात उतरते. एका बाजूला तोफू आणि दुसऱ्या बाजूला मांस असं मांडून काही साधत नाही. दोन भांडी मागा, किंवा माणशी भांडं देणारं शाबुशाबुचं दुकान निवडा. मधे पत्रा घालून दोन भाग केलेलं भांडंही काही दुकानांत मिळतं. मात्र चमचे आणि काड्या वेगळ्या ठेवायची जबाबदारी तुमची.

गोमांस चालत नाही. मग नाबे कोणतं घ्यावं?

सुकियाकी बहुतेक ठिकाणी गोमांसाचीच असते, शाबुशाबुतही पहिलं नाव त्याचंच. पण गोमांस हे जपानी जेवणात फार जुनं नाही. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी घातली होती. पुढच्या शतकांत ती कमीजास्त पाळली गेली, पण गोमांस सर्रास खाण्याची रीत पडली नाही. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी ते खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा हवा बदलली. योकोहामा आणि टोकियोत ग्यूनाबेची, म्हणजे गोमांसाच्या नाबेची, दुकानं वाढली, आणि सुकियाकी त्यातूनच पुढे आली. त्यामुळे गोमांसाशिवायच्या नाबेंची परंपरा उलट जास्त जुनी आणि जास्त विविध आहे. ‘ग्यूनिकु वा ताबेमासेन’ एवढं म्हणा आणि पुढचं उत्तर वाचा.

मग नक्की काय मागवू?

कोंबडी आवडत असेल तर मिझुताकी. ही फुकुओकाची खासियत. हाडांसकट कोंबडी उकळून काढलेला दाट पांढरा रस्सा असतो, आधी तो कपात थोडं मीठ घालून नुसता प्यायला देतात. भाज्या त्यानंतर. जेवणाची अशी सुरुवात मला फार आवडते, कारण पुढचा तास तुम्ही काय खाणार आहात ते पहिल्या घोटात कळतं.

चांको-नाबे हे सुमो पैलवानांचं रोजचं जेवण. टोकियोतल्या र्‍योगोकूला, सुमोच्या कोकुगिकान आखाड्याच्या आसपास, निवृत्त पैलवानांची दुकानं आहेत. पारंपरिक चांको कोंबडीची. सुमोत हात जमिनीला टेकला की कुस्ती गेली, म्हणून चार पायांवर चालणाऱ्या जनावरापेक्षा दोन पायांवर उभी राहणारी कोंबडी शुभ मानली जाते. आता सगळ्या प्रकारचं मांस घालतात, पण मोठ्या स्पर्धांच्या दिवसांत हा संकेत अजून सांगितला जातो. वाढप भरपूर असतं. चौघांनी तिघांपुरतं मागवावं.

मासे खाणाऱ्यांसाठी टोकियोत दोन दुकानं अशी आहेत की त्यांच्यासाठी वाट वाकडी करावी. कान्दा भागातलं इसेगेन १८३० पासून अंको या खोल समुद्रातल्या माशाचं नाबे करतं. मांस, कातडी, काळीज, सगळं वापरलं जातं, काटे आणि जबडा तेवढा उरतो. दुसरं असाकुसाजवळचं कोमागाता दोझेउ, १८०१ चं. चिखलात राहणारा बोटाएवढा दोजो मासा अख्खाच्या अख्खा उथळ बिडाच्या भांड्यात मांडून कोळशाच्या शेगडीवर येतो, शेजारी लाकडी डब्यात चिरलेल्या पातीच्या कांद्याचा ढीग. तो ढीग मासा दिसेनासा होईपर्यंत वर रचायचा आणि कांदा मऊ झाला की खायचं. मासा अख्खा बघून बिचकणाऱ्यांसाठी काटा काढून अंड्यात शिजवलेला यानागावा-नाबे हा प्रकारही असतो.

बाकी प्रांतोप्रांती वेगळं : होक्काइदोचं सॅमन मासा आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) यांचं इशिकारी-नाबे, हिरोशिमाचं कालवांचं दोते-नाबे, आकिताचं कुटलेल्या भाताच्या भाजलेल्या कांड्यांचं किरितांपो. सगळ्यांच्या आवडीनिवडी सांभाळायच्या असतील तर योसेनाबे, त्यात सगळं थोडं थोडं असतं.

सुकियाकीसोबत कच्चं अंडं देतात. ते खायलाच हवं का?

नको असेल तर बाजूला ठेवा, कुणी काही म्हणणार नाही. गरम तुकडा फेटलेल्या अंड्यात बुडवायचा, म्हणजे तो खाण्याइतका निवतो आणि शोयू-साखरेचा उग्रपणा कमी होतो, असा त्यामागचा हिशेब. जपानमध्ये अंड्यांच्या खोक्यावर छापलेली तारीखच मुळात ‘कच्चं खायचं असेल तर कधीपर्यंत’ या हिशेबाने ठरवलेली असते. गरोदर बायकांनी, लहान मुलांनी आणि आजारी माणसांनी मात्र टाळावं.

भांड्यात आधी काय घालायचं? आणि घालायचं कुणी?

महागड्या सुकियाकीच्या दुकानात किमोनोतल्या बाई स्वतः येऊन पहिले तुकडे शिजवून देतात. तोवर भांड्याला हात लावू नका. इतर ठिकाणी शेगडी पेटवून जातात आणि पुढचं तुमचं तुम्ही.

क्रम साधा आहे. शिजायला वेळ लागणारं आधी : गाजर, मुळा, चायनीज कोबीचे जाड देठ, मशरूम. मग कोंबडी किंवा मासळी. मग तोफू. कोबीची पानं आणि शुंगिकु नावाची कडसर पालेभाजी अगदी शेवटी, आणि शिजताच खायची. ताटातलं सगळं एकदम ओतायचा मोह टाळा. ओतलंत की रस्सा थंड पडतो, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मासळी चिवट होते. थोडं घाला, खा, पुन्हा घाला. नाबेचं जेवण दीड तास चालतं ते या कारणाने, आणि गप्पा होतात त्याही यामुळेच.

मांस घातल्यावर वर करडा फेस येतो. तो काढायला टेबलावर बारीक जाळीची पळी आणि पाण्याचा वाडगा असतो. फेस पळीने उचला, पाण्यात झटका. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण मनापासून करा. रस्सा गढूळ झाला तर शेवटचा घास बिघडतो, आणि नाबेतला सगळ्यात चांगला घास शेवटचाच असतो.

कुणी काय कधी घालावं हे सगळ्यांना बजावत बसणाऱ्याला जपानी लोक नाबे-बुग्यो म्हणतात, म्हणजे नाबेचा न्यायाधीश. अनोळखी लोकांसोबत गेलात आणि असा कुणी टेबलावर असला तर त्याला करू द्या, जेवण चांगलं होतं.

जेवण संपत आलं तेव्हा वेटर ‘शिमे?’ असं विचारून गेला. काय म्हणायचं?

‘हो’ म्हणा. शिमे म्हणजे नाबेचा शेवट. भाज्या-मांस संपलं की तळाला उरलेल्या रश्श्यात भात किंवा नूडल्स घालतात. इतका वेळ प्रत्येक गोष्टीने त्यात काहीतरी सोडलेलं असतं, आणि ते सगळं शेवटी या भातात मुरतं.

भात असेल तर झोसुई. शिजलेला भात घालून एक उकळी, वरून फेटलेलं अंडं धारेने, आच बंद, झाकण. अंडं अर्धवट आळलं की पातीचा कांदा घालून वाढायचं. नूडल्स हव्या असतील तर उदोन. मला विचाराल तर कोंबडीच्या आणि मासळीच्या रश्श्याला भात, सुकियाकीच्या गोड रश्श्याला उदोन. मिसोच्या रश्श्यात दोन्ही जमतं.

यासाठी दोन गोष्टी सांभाळा : पोटात जागा ठेवा आणि रस्सा पिऊन संपवू नका. पोट भरलं म्हणून शिमे न घेता उठणारे पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं.

सोबा कसा खायचा? आवाज करायचा म्हणतात ते खरं का?

खरं आहे. जोरात ओढून खाल्लं की नूडलसोबत हवा आत जाते आणि सोबाचा वास नाकापर्यंत पोचतो. हा वास फार हलका असतो, तोंड मिटून चावत बसलात तर निसटतो. आवाज जमत नसेल तर जबरदस्ती नाही, शांतपणे खाणाऱ्यालाही कुणी नावं ठेवत नाही.

थंड सोबा बांबूच्या जाळीवर येतो. सोबत त्सुयु, चिरलेला पातीचा कांदा, वासाबी. पहिला घास काहीही न लावता खा, म्हणजे पीठ कसं आहे ते कळेल. टोकियोचा त्सुयु तेज असतो, विशेषतः याबू घराण्याच्या दुकानांत, त्यामुळे नूडलचं फक्त खालचं टोक बुडवा. वासाबी त्सुयुत कालवण्यापेक्षा नूडलवर टेकवून खाल्ली तर तिचा झणका टिकतो. टोकियोत सोबाची याबू, सुनाबा आणि साराशिना अशी तीन जुनी घराणी मानतात. साराशिनाचा सोबा दाण्याच्या गाभ्याच्या पिठाचा, म्हणून पांढुरका.

ताट आलं की लगेच खा. सोबा थांबत नाही, पाच मिनिटांत चिकटतो. फोटो एकच काढा.

जेवणानंतर किटलीतून गढूळ गरम पाणी आणून ठेवलं. ते कशासाठी?

तो सोबायु, म्हणजे सोबा उकडलेलं पाणी. वाटीत उरलेल्या त्सुयुत ते ओतायचं आणि प्यायचं. पुरणाची डाळ शिजवलेला कट आपण फेकत नाही, त्याची आमटी करतो, तसाच हा विचार. खारट त्सुयु पातळ होतो, दाशीची चव उलगडते आणि पीठ उतरलेल्या पाण्याचा दाटपणा येतो. हे पैसे न घेता मिळतं. आणलं नाही तर ‘सोबायु ओ कुदासाइ’ म्हणा. दुपारी उशिरा गेलात तर ते जास्त दाट मिळतं, कारण तोवर त्या पाण्यात कितीतरी सोबा उकडून निघालेला असतो.

सोबा म्हणजे कुट्टूच ना? मग उपवासाला चालेल?

धान्य तेच. पण उपवासाचा पदार्थ समजू नका. दुकानातला नेहमीचा निहाचि सोबा आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू असा असतो, आणि त्सुयुत मासा. शंभर टक्के कुट्टूचा जुवारी सोबा वेगळा मिळतो, तो तुटक असतो आणि महाग.

अ‍ॅलर्जी असेल तर?

हे उत्तर गांभीर्याने वाचा. कुट्टूची अ‍ॅलर्जी काही माणसांत जिवावर बेतण्याइतकी तीव्र असते, आणि भारतात नेहमी न खाल्ल्यामुळे ती आपल्याला आहे हे कित्येकांना ठाऊकच नसतं. पूर्वी कुट्टू खाऊन घसा खाजला असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल तर सोबाच्या दुकानात जाऊच नका. ‘मी उदोन खाईन’ हा उपाय नाही, कारण दोन्ही बऱ्याचदा एकाच पाण्यात उकडतात आणि पीठ हवेत उडत असतं. जुन्या पद्धतीच्या सरायांत उशीही कुट्टूच्या टरफलांची असू शकते. ‘सोबा आरेरुगी देसु’ हे वाक्य पाठ करा.

जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर अंडं, दूध, गहू, सोबा, भुईमूग, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड यांचा उल्लेख कायद्याने करावा लागतो. हा नियम हॉटेलच्या मेनूला लागू नाही. म्हणून विचारणं तुमच्यावर आहे. गहू चालत नसेल तर शोयूचाही विचार करा, त्यात गहू असतो.

दारू पूर्ण वर्ज्य असेल त्यांनीही जाणून असावं : त्सुयु आणि सुकियाकीच्या रश्श्यात मिरिन किंवा साके या तांदळाच्या दारू घालतात. उकळताना बरीचशी उडून जाते, पण घातलेली असते.

एकट्याने जाता येईल का?

सोबाच्या दुकानात खुशाल, तिथे निम्मी माणसं एकटीच असतात. नाबे मात्र बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांचं मागवावं लागतं, मेनूवर तसं लिहिलेलं असतं. एकट्यासाठी माणशी भांड्याचं शाबुशाबु, किंवा मातीच्या छोट्या भांड्यात येणारा नाबेयाकी उदोन. त्यावर अंडं, तेंपुरा, माशाच्या वड्या असतात आणि तो टेबलावर येतानाही उकळत असतो.

आई-बाबा महाराष्ट्रातून भेटायला आलेत. त्यांना जमिनीवर बसता येत नाही.

जागा राखताना ‘इसु’, म्हणजे खुर्ची हवी असं सांगा. पुष्कळ जुन्या दुकानांत आता तातामी या गवती चटयांवरच टेबल-खुर्च्या आहेत, किंवा पाय खाली सोडायला खड्डा असलेली होरीगोतात्सुची बैठक. कोमागाता दोझेउच्या तळमजल्यावर मात्र वेताच्या चटयांवरच बसावं लागतं, पुढ्यात टेबलाऐवजी लांब फळी. गुडघे दुखणाऱ्यांना तिथे नेऊ नका. बूट दारात काढायचे, म्हणून मोजे धड असावेत. स्वच्छतागृहाच्या चपला वेगळ्या असतात, त्या घालून परत बैठकीवर यायचं नाही.

लहान मुलांना नेलं तर चालतं का?

चालतं. मुलांना उदोन बहुधा आवडतो. शेगडी असलेल्या टेबलावर मुलाला भिंतीकडच्या बाजूला बसवा, आणि वाढायला वाढप्यांचा रस्ता मोकळा ठेवा. कोळशाच्या दुकानात हे जास्त सांभाळावं लागतं.

काड्यांबद्दल कोणते नियम खरंच पाळायला हवेत?

दोन. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. पहिली गोष्ट मृताला वाढलेल्या भाताची, दुसरी दहनानंतर अस्थी उचलायची. दोन्ही बघून समोरच्याला खरोखर धस्स होतं. भांड्यातून घ्यायला लांब काड्या किंवा पळी वेगळी दिलेली असते. काड्या जमत नसतील तर काटा-चमचा मागा, त्यात कमीपणा काही नाही.

खर्च किती येतो? टिप द्यायची का?

टिप नाही. ठेवलीत तर मागून धावत परत द्यायला येतात. बिल बहुधा दाराजवळच्या काउंटरवर. स्टेशनवरच्या उभ्याने खायच्या सोब्याला साधारण पाचशे येन, बसून खायच्या चांगल्या दुकानात साध्या सोब्याला हजाराच्या आसपास, आणि नामांकित दुकानात रात्रीची सुकियाकी माणशी दहा हजारांच्या पुढे. तीच दुकानं दुपारी बऱ्याच कमी पैशांत जेवण देतात, तेव्हा सुकियाकी दुपारी खा. बसून खाल्लं तर १० टक्के कर, बांधून नेलं तर ८. जुन्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा.

कधी जावं?

नाबे नोव्हेंबर ते मार्च. नवा सोबा शरद ऋतूत येतो, तेव्हा दारावर ‘शिन-सोबा’ची पाटी लागते, आणि त्याचा वास खरंच वेगळा असतो. ३१ डिसेंबरला वर्ष सरताना सोबा खायची प्रथा आहे. त्या दिवशी नावाजलेल्या दुकानांपुढे रस्त्यापर्यंत रांग असते. जायचं असेल तर सकाळी दार उघडायच्या आधी पोचा.

टोकियोत एकच दिवस आहे. कुठे जाऊ?

कान्दा सुदाचो आणि लगतच्या आवाजिचोला. हा तुकडा १९४५ च्या बाँबहल्ल्यांतून वाचला, म्हणून पाच मिनिटांच्या अंतरात जुनी दुकानं एकत्र सापडतात. दुपारी कान्दा मात्सुयाचा सोबा खा, हे १८८४ चं दुकान आहे आणि तिथे अनोळखी माणसांसोबत एका टेबलावर बसायला संकोच करू नका. किंवा १८८० चं कान्दा याबूसोबा, जिथे आलेली ऑर्डर काउंटरवरून गाण्यासारख्या लांब सुरात आत सांगतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची जुनी इमारत आगीत गेली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये दुकान नव्या इमारतीत पुन्हा उघडलं. तो सूर अजून ऐकू येतो. मधे गोड हवं असेल तर १९३० चं ताकेमुरा आहे. संध्याकाळी इसेगेनचं अंको-नाबे, आणि मासा नको असेल तर जवळच्याच बोतानमध्ये कोळशावरची कोंबडीची सुकियाकी. बोतानला जागा आधी राखून ठेवा, आणि निघण्यापूर्वी पाचही दुकानांचा सुटीचा वार बघून घ्या.